एक नाव सोबत घेऊन: माजी सैनिकांची भेट आणि युद्धस्थळांचा प्रवास

सातारा, रायगड, रत्नागिरी, कोल्हापूर या जिल्ह्यांतील अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी दगडी पाटी बसवलेली आढळते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. गेलेल्यांपैकी एकाचेही नाव बहुधा नसते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ जवान गमावले आणि ते गाव पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाऊ लागले. युद्धस्थळे पाहण्याची इच्छा असलेल्या मराठी माणसाने सुरुवात अशा पाटीपासून आणि आपल्याच गावात किंवा गल्लीत राहणाऱ्या माजी सैनिकापासून करावी, असे माझे मत आहे. कारगिलचे तिकीट नंतर काढले तरी चालते.

पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. कोणत्याही युद्धस्मारकाला जाण्याआधी तिथे लढलेल्या, किंवा तिथे लढलेल्या पलटणीत नोकरी केलेल्या, किमान एका सैनिकाचे नाव, गाव आणि हकिगत आपल्याला माहीत असावी. तसे नसेल तर द्रास येथील कारगिल युद्ध स्मारकाच्या नावांच्या भिंतीपुढे उभा राहिलेला माणूसही दहा मिनिटांत छायाचित्र काढून गाडीत जाऊन बसतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष नसतो. अनोळखी नावांच्या लांबलचक यादीपुढे उभे राहून काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

माजी सैनिकाला भेटताना

पश्चिम महाराष्ट्रातील गावांत माजी सैनिक शोधावा लागत नाही. पारावर चौकशी केली की ‘मेजर वरच्या आळीला राहतात’ असे उत्तर मिळते. मात्र हे मेजर हुद्द्याने हवालदार असण्याचीच शक्यता अधिक, कारण गावाच्या बोलीत फौजेतून पेन्शनवर आलेला प्रत्येकजण मेजरच असतो. शहरात राहणाऱ्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून किंवा स्थानिक माजी सैनिक संघटनेकडून ओळख करून घेता येते. भेटीपूर्वी त्यांचा नेमका हुद्दा घरच्यांकडून समजून घ्यावा. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना पलटणीत ‘साहेब’ म्हणूनच संबोधतात, आणि प्रजासत्ताक दिनी किंवा स्वातंत्र्य दिनी मानद लेफ्टनंट अथवा मानद कॅप्टन झालेल्या माणसाने तो मान संपूर्ण नोकरीच्या जोरावर मिळवलेला असतो, त्यामुळे तो गाळणे बरे दिसत नाही. ओळख वाढल्यावर आबा, अण्णा, काका अशी घरगुती हाक चालते; पहिल्या भेटीत मात्र हुद्दा घेतलेला बरा.

बोलण्याला सुरुवात करण्यासाठी ‘पलटण कोणती?’ यापेक्षा चांगला प्रश्न नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा माणूस असेल तर बेळगावच्या प्रशिक्षण केंद्राचे मैदान, तिथले उस्ताद म्हणजे प्रशिक्षक आणि पहिल्या महिन्यातील धावणे यांवर तो तासभर बोलेल. १७६८ पासूनची परंपरा सांगणाऱ्या या रेजिमेंटमध्ये आजोबा, वडील आणि मुलगा एकाच बटालियनमध्ये होते, अशीही घरे सापडतात. १९४१ मध्ये बेळगावातच उभारली गेलेली महार रेजिमेंट आज मध्य प्रदेशातील सागरला आहे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे केंद्र पुण्याच्या खडकीत आहे, आणि या तिन्हींत नसलेले हजारो मराठी जवान तोफखान्यात, सिग्नल्समध्ये, रसद पुरवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये किंवा वैद्यकीय दलात होते. ‘मी कुठे लढलो, मी तर गाडी चालवायचो’ असे म्हणणाऱ्या चालकाला तिथेच सोडून पुढच्या घरी जाऊ नये. बर्फ पडण्याआधी श्रीनगर-लेह रस्त्यावरील जोझिला खिंडीतून पीठ, रॉकेल आणि दारूगोळा वर पोहोचवणाऱ्या ताफ्यातील माणूस युद्ध कसे चालते हे एखाद्या शौर्यकथेपेक्षा अधिक नेमकेपणाने सांगू शकतो.

काय विचारू नये, हेही सांगितले पाहिजे. ‘तुम्ही किती जणांना मारले?’ हा प्रश्न लहान मुले विचारतात, आणि दुर्दैवाने वार्ताहरही विचारतात. तो विचारताच समोरचा माणूस गप्प होतो, किंवा समोरच्याला हवे असलेले ठरावीक उत्तर देऊन मोकळा होतो. त्याऐवजी चौकीवर जेवण कसे येत असे, गावाकडचे पत्र किती दिवसांनी मिळे, सुट्टी मंजूर झाल्यावर घरी पोहोचायला किती दिवस लागत, सोबतचा जोडीदार कोणत्या गावचा होता, असे साधे प्रश्न विचारावेत. जोडीदाराचे नाव निघाले की बोलणे आपोआप खोल जाते. तो परतला नसेल तर तेही कळते, आणि तिथे घाईने दुसरा प्रश्न टाकू नये. मध्येच आजच्या राजकारणाकडे वळण्याचा मोह टाळावा. सैनिकाच्या पत्नीशीही स्वतंत्रपणे बोलावे, कारण मनीऑर्डरची वाट पाहत शेती, म्हातारे सासू-सासरे आणि मुलांच्या शाळा सांभाळणाऱ्या बाईची हकिगत सहसा कोणी विचारत नाही आणि ती अनेकदा नवऱ्याच्या हकिगतीपेक्षा अधिक तपशीलवार असते.

पदके दाखवण्याचा आग्रह धरू नये, परंतु दाखवली तर नीट पाहावीत. १९६५ च्या लढाईसाठी समर सेवा तारा, १९७१ साठी पूर्वी तारा आणि पश्चिमी तारा, १९९९ साठी ऑपरेशन विजय पदक, जखमी झालेल्यास पराक्रम पदक, अशी त्यांची रचना असते. सैन्य सेवा पदकाच्या फितीवरची धातूची पट्टी जवानाने कोणत्या भागात नोकरी केली ते सांगते. पदक हातात घेऊन त्याची कड उजेडाकडे धरली तर तिच्यावर बारीक अक्षरांत सैनिक क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले दिसते. त्याची नोंद परवानगी घेऊन वहीत करावी. कुटुंबाला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी: पदके चिंचेने किंवा पितांबरीने घासून चकचकीत करू नयेत, कारण घासण्याने आधी झिजतात ती हीच अक्षरे.

ध्वनिमुद्रण करायचे असल्यास पहिल्याच भेटीत फोन पुढे करू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत विचारावे, मुद्रणाच्या आरंभी तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचे नाव बोलून घ्यावे, आणि त्याची एक प्रत कुटुंबाला द्यावी. अलीकडच्या काळात निवृत्त झालेल्यांनी सांगितलेली चौक्यांची ठिकाणे, संख्या आणि हत्यारांचा तपशील कोठेही प्रसिद्ध करू नये. त्यांनी स्वतः हरकत घेतली नाही तरी हे भान आपण ठेवायचे असते.

शाल-श्रीफळापुढे

माजी सैनिकांच्या सत्काराचे कार्यक्रम आपल्याकडे कमी नाहीत. पंच्याहत्तरीच्या सुभेदारांना दहा वाजता बोलावून प्रमुख पाहुणे साडेबारापर्यंत न आल्याने मंडपात बसवून ठेवलेले मी पाहिले आहे. असा कार्यक्रम करायचाच असेल तर वेळ पाळावी, खुर्ची सावलीत ठेवावी, आणि पाहुण्यांच्या भाषणाआधी सैनिकाला बोलू द्यावे. दिवसही विचार करून निवडता येतो. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्या तारखेला माजी सैनिक दिन पाळला जातो. १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन आहे आणि त्या निमित्ताने जिल्हा प्रशासनामार्फत गोळा होणाऱ्या निधीतून माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांना मदत केली जाते. शाळेत किंवा सोसायटीत हा निधी जमवल्यास रीतसर पावती घ्यावी.

तथापि बहुतेक वृद्ध माजी सैनिकांना सत्कारापेक्षा अधिक उपयोगी पडते ते कोणीतरी शेजारी बसून कागदपत्रे पाहणे. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून मिळते आणि दरवर्षी जीवन प्रमाणपत्र द्यावे लागते. मोतीबिंदू झालेल्या, बोटांचे ठसे पुसट झालेल्या माणसाला ते एकट्याने जमत नाही. मोबाइलवर चेहरा दाखवून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, ती करून द्यावी. २००३ पासून सुरू असलेल्या ईसीएचएस या वैद्यकीय योजनेचे कार्ड चालू आहे की नाही, ते तपासावे. आपल्याकडची एक हमखास अडचण नावाची असते: लग्नात बदललेले पत्नीचे नाव आधार कार्डावर असते आणि पलटणीच्या कागदांत तिचे माहेरचे नाव राहिलेले असते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ही तफावत उघडकीस आली की कौटुंबिक निवृत्तिवेतन अडकते, म्हणून दोघेही हयात असतानाच डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे निवृत्तिवेतनाचा आदेश आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नावे व जन्मतारखा पडताळाव्यात आणि दुरुस्तीचा अर्ज संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या मार्फत पाठवावा. माजी सैनिकांच्या घरपट्टीला माफी देणारी राज्य शासनाची योजनाही अनेकांपर्यंत पोहोचलेली नसते. ग्रामपंचायतीत जाऊन त्यासाठी अर्ज करून देणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

वीरपत्नी आणि वीरमाता यांच्याकडे जाताना २६ जुलै किंवा १५ ऑगस्ट हीच तारीख धरू नये. त्या दिवशी त्यांच्या घरी कॅमेरे असतात. बाकीच्या दिवसांत फारसे कोणी नसते.

शंभर वर्षांपूर्वीचा सैनिक शोधताना

हयात माणसाची हकिगत ऐकून झाल्यावर पाटीवरच्या आकड्यामागची माणसे शोधण्याकडे वळावे. यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरील शोध विनामूल्य उपलब्ध आहे. दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या सैनिकांची नावे, तारीख, पलटण आणि स्मारकाचे ठिकाण तिथे मिळते. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. अडचण इंग्रजी वर्णलेखनाची आहे. त्या काळच्या कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, त्यामुळे ‘जाधव’ हे ‘जादव’ किंवा ‘जाधाओ’ असेही सापडते. दुसऱ्या महायुद्धातील व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नामदेव जाधव यांचे आडनावही वेगवेगळ्या इंग्रजी नोंदींत वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेले आहे. म्हणून केवळ आडनावाने शोधू नये. घरात एखादे जुने पदक असेल तर त्याच्या कडेवरचा सैनिक क्रमांक आणि पलटण यांवरून शोध घ्यावा. ते नसेल तर पलटण आणि वर्ष यांची गाळणी लावून यादी लहान करावी आणि मग गावाचे नाव नजरेने शोधावे.

पहिल्या महायुद्धातील मराठी सैनिकांचा माग बहुतेक वेळा इराककडे नेतो, कारण मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फन्ट्री व ११७ क्रमांकाची मराठा पलटण होती. कुत येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत हे सैन्य तुर्कांच्या वेढ्यात उपाशी अडकले आणि शेवटी शरण गेले. या मोहिमेत मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसरा येथे आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे त्यावर कोरली गेली. भारतीय शिपायांपैकी बहुतेकांचा मात्र पलटणीच्या नावापुढे फक्त आकडा लिहिला गेला. गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्यालाही आकडाच, अशी या माणसांची दोन्हीकडून गत झाली. एप्रिल २०२१ मध्ये खुद्द कमिशनने आपल्या अहवालात हा भेदभाव मान्य करून माफी मागितली. कागदी नोंदवह्यांत मात्र ती नावे राहिली आणि आता ती संगणकावर शोधता येतात. इराकचा प्रवास आज सामान्य पर्यटकाला सुचवण्यासारखा नाही, परंतु सापडलेली नावे गावच्या पाटीशेजारी एका साध्या फलकावर लावण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. नावे लावण्याआधी प्रत्येक नोंदीतील गाव आणि तालुका पडताळून पाहावा, कारण एकाच नावाची तीन-चार गावे एका जिल्ह्यात असणे हे आपल्याकडे नवे नाही.

घराजवळची ठिकाणे

लांबच्या प्रवासाआधी एखादा शनिवार-रविवार पुणे आणि अहिल्यानगरसाठी ठेवावा. खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत, आणि पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. एकसारख्या शिळांच्या रांगांतून हिंडताना भारतीय नावे फार कमी का दिसतात, असा प्रश्न पडेल. हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन होत असल्याने त्यांची नोंद कबरीवर न राहता स्मारकाच्या फलकावर किंवा नोंदवहीत असते. हे आधी लक्षात घेतले तर पुढे कोठेही गोंधळ होत नाही. बॉम्बे सॅपर्सचे केंद्रही खडकीतच आहे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्यात सलग काढत रणगाड्यांना वाट करून देणारे, कारवारकडचे परमवीर चक्र विजेते राम राघोबा राणे याच दलाचे. सैनिकी केंद्रांच्या आवारातील संग्रहालये पाहण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते, म्हणून थेट फाटकावर जाऊन पहारेकऱ्याशी वाद घालू नये. नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले घोरपडी भागातील राष्ट्रीय युद्ध स्मारक मात्र सहज पाहता येते.

अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून लोकांसाठी खुले आहे आणि तिथे सुमारे पन्नास रणगाडे व चिलखती गाड्या आहेत. मुले तोफेच्या नळीला लोंबकळतात, मोठी माणसे छायाचित्रे काढतात आणि तासाभरात सगळे बाहेर पडतात. त्याऐवजी सेंच्युरियन रणगाड्यासमोर थांबावे, चालकाचे झाकण केवढे आहे ते पाहावे, आणि आत चार माणसे, तोफगोळे आणि इंधन यांसह सप्टेंबरच्या उकाड्यात दिवस कसा निघत असेल याचा अंदाज घ्यावा. सप्टेंबर १९६५ मध्ये फिल्लोराच्या लढाईत जखमी होऊनही मागे जाण्यास नकार देणारे आणि १६ तारखेला धारातीर्थी पडलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर १७ पूना हॉर्सचे नेतृत्व करत होते ते याच प्रकारच्या रणगाड्यातून. १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत परमवीर चक्र मिळवणारे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हेही त्याच रेजिमेंटचे. पाकिस्तानकडील पॅटन रणगाडाही संग्रहालयात आहे. दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्यास उंची, चिलखत आणि आकार यांतला फरक पुस्तकापेक्षा लवकर समजतो.

कोकणातील वाचकांनी मुंबईत मस्जिद बंदर येथील खलाशांचे स्मारक चुकवू नये. दोन्ही महायुद्धांत नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवर काम करताना समुद्रात बुडालेल्या, कबर नसलेल्या हजारो खलाशांची नावे तिथे आहेत, आणि त्यांचा उल्लेख आपल्या युद्धकथांत क्वचितच येतो. मुंबई-गोवा महामार्गाने जाताना माणगावला नाईक यशवंत घाडगे यांच्या पुतळ्यापाशी पाच मिनिटे थांबावे. त्यांचा संदर्भ पुढे येईल.

द्रासला जाताना

श्रीनगर-लेह महामार्गावर, तोलोलिंगच्या पायथ्याशी असलेले कारगिल युद्ध स्मारक हे बहुतेकांच्या यादीत पहिले असते आणि ते योग्यच आहे, कारण रणभूमी आणि स्मारक एकाच नजरेत सामावणारी अशी जागा आपल्याकडे दुर्मीळ आहे. द्रास सुमारे १०,८०० फुटांवर आहे. श्रीनगरहून निघून जोझिला ओलांडून त्याच दिवशी घाईने लेह गाठण्याचा बेत अनेक सहल कंपन्या आखतात, तो मान्य करू नये. आदली रात्र सोनमर्गला काढावी, सकाळी लवकर खिंड ओलांडावी, द्राससाठी पूर्ण दुपार मोकळी ठेवावी आणि मुक्कामाला कारगिलला जावे. कारगिल द्रासपेक्षा खाली असल्याने झोप बरी लागते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद होते, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात २६ जुलैच्या कारगिल विजय दिनामुळे गर्दी व बंदोबस्त असतो. निवांत पाहायचे असेल तर सप्टेंबर उत्तम.

तिथे पोहोचल्यावर थेट नावांच्या भिंतीकडे न जाता आधी महामार्गाकडे पाठ करून तोलोलिंगकडे पाहावे, आणि मग वळून तोलोलिंगवर बसलेल्या माणसाच्या नजरेने महामार्गाकडे पाहावे. हा डोंगर १३ जून १९९९ रोजी परत घेणे इतके निकडीचे का होते, ते या एका वळण्यात कळते: वर बसलेल्याला खालून जाणारा प्रत्येक ट्रक दिसत होता आणि तो तोफांचा मारा बिनचूक त्या रस्त्यावर आणू शकत होता. लेहला रसद नेणारा मुख्य रस्ता हाच. शिखरांची नावे म्हणून ऐकलेले ‘पॉइंट ४८७५’ किंवा ‘पॉइंट ५१४०’ हे आकडे त्या जागांची मीटरमधील उंची आहे, हे लक्षात घेऊन पायथ्याची उंची त्यातून वजा करावी; पाठीवर ओझे घेऊन, रात्री, आडोशाविना किती चढायचे होते, ते अंकगणितच सांगते. नकाशा सोबत असावा, कारण बटालिक आणि खालुबार ही त्याच युद्धातील रणक्षेत्रे इथून दिसत नाहीत, आणि ज्या कॅप्टन मनोज पांडे यांच्या नावाने स्मारकातील दालन आहे ते त्या दूरच्या भागात लढताना पडले.

त्यानंतर भिंतीवर आपण आणलेले नाव शोधावे. आपल्या तालुक्यातील जवान असेल तर त्याच्या घरच्यांना आधी भेटून, त्यांना तिथे काही ठेवायचे आहे का असे विचारून निघावे; कोणी गावच्या देवाचा अंगारा देईल, कोणी काहीच देणार नाही. फुले वाहताना शांतता राखावी, टोपी काढावी, आणि घोषणा देण्याची हौस असेल तर ती बसमध्ये भागवावी, कारण शेजारी उभे असलेले कुटुंब त्या भिंतीवरील एखाद्या नावाचे असू शकते. हे बजावावे लागते, याचेच वाईट वाटते. तिथे नेमणुकीवर असलेले जवान लढाईची माहिती सांगतात; ती पूर्ण ऐकावी आणि मध्येच त्यांच्यासोबत छायाचित्राचा हट्ट धरू नये. पूल, छावण्या आणि वाहनांचे ताफे यांची छायाचित्रे काढू नयेत, परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये, आणि डोंगरउतारावर सापडलेल्या धातूच्या कोणत्याही तुकड्याला हात लावू नये. न फुटलेले गोळे त्या भागात अजूनही सापडतात.

अन्य काही ठिकाणे

लोंगेवाला जैसलमेरपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे आणि हिवाळ्यात सकाळी लवकर निघाले तर सीमेजवळच्या तनोट मंदिरासह एका दिवसात होते. चित्रपटातील संवाद डोक्यात घेऊन येणाऱ्यांची तिथे गर्दी असते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री २३ पंजाबच्या एका कंपनीने तग धरला, आणि रात्री हल्ला करू न शकणारी हंटर विमाने उजाडताच जैसलमेरहून आली; उघड्या वाळूत रणगाड्यांना लपायला जागा का नव्हती, ते तिथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. दीवला जाणाऱ्यांनी समुद्राकाठच्या टेकडीवरील खुकरी स्मारक पाहावे. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलेल्या या युद्धनौकेबरोबर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय समर स्मारकाच्या त्याग चक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सुमारे २६,००० सैनिकांची नावे विटांच्या आकाराच्या ग्रॅनाइटवर आहेत. नाव कोठे आहे ते शोधण्याची सोय असल्याने हुद्दा, पलटण आणि वर्ष लिहून न्यावे.

ईशान्येत कोहिमाची दफनभूमी प्रसिद्ध आहे आणि तिथे दहन झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांसाठी वेगळे स्मारक आहे. मराठी वाचकाला अधिक जवळचे ठिकाण मात्र मणिपूरच्या डोंगरातील सांगशाक आहे. मार्च १९४४ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनने छत्रीधारी (पॅराशूट) ब्रिगेडसोबत तिथे जपानी सैन्याला सुमारे आठवडाभर रोखून धरले, आणि त्या विलंबाने कोहिमाच्या बचावाला वेळ मिळाला. नागालँडसाठी इनर लाइन परमिट म्हणजे प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. मणिपूरला जाण्यापूर्वी तिथल्या परिस्थितीची खात्री करून घ्यावी आणि शंका असल्यास बेत पुढे ढकलावा.

युरोपात राहणाऱ्या किंवा सहलीला जाणाऱ्या मराठी मंडळींना इटलीत एक दिवस काढता येईल. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील सर्वजण ठार किंवा जखमी झाल्यावर, एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले, ते घेतले आणि नंतर शत्रूच्या गोळ्यांनी पडले. ते २२ वर्षांचे होते. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, परंतु त्यांची कबर नाही. रोमहून रेल्वेने जाता येणाऱ्या कॅसिनो या गावातील युद्धस्मारकावर त्यांचे नाव आहे, आणि मोंतोने या डोंगरी गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारले गेले. सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ रोजी सुरुंग पेरलेल्या भागातून जखमींना पाठीवर घेऊन आलेले नामदेव जाधव मात्र परत आले. त्या मोहिमेतील इतर भारतीयांसाठी फोर्ली येथील भारतीय सैन्याची दफनभूमी पाहावी.

परतल्यावर एक काम उरते. नावाचे स्पष्ट, सरळ समोरून काढलेले छायाचित्र आणि त्या परिसराचे एक दूरचे छायाचित्र कागदावर छापून कुटुंबाला नेऊन द्यावे, मागे ठिकाण, तारीख आणि फलकाचा क्रमांक लिहावा. मोबाइलवर पाठवलेले चित्र वर्षभरात हरवते. महायुद्धातील सैनिकाच्या नोंदीत नाव, गाव किंवा तारीख चुकलेली आढळली तर कमिशनकडे दुरुस्तीची विनंती करता येते. तिच्यासोबत त्या काळातील कागद लागतो, म्हणजे पदकाच्या कडेचे छायाचित्र, निवृत्तिवेतनाचा जुना कागद किंवा पलटणीचे पत्र. घरच्यांची आठवण तेवढ्याने पुरावा मानली जात नाही. उत्तर यायला अनेक महिने लागू शकतात, त्यामुळे अर्जाची आणि पुराव्यांची एक प्रत कुटुंबाकडे ठेवावी आणि संपर्कासाठी घरातील एखाद्या तरुण माणसाचा पत्ता द्यावा.